सत्तर-दोनशे आधी, बॉडी नंतर: शाहू स्टेडियम, खासबाग आणि रंकाळ्याच्या हिशेबानं

कॅननची २००डी नाहीतर ८०डी ही डीएसएलआर बॉडी (लेन्स नसलेला नुसता कॅमेरा), किटची १८-५५ आणि ५५-२५० एसटीएम या दोन लेन्स. कोल्हापुरात फुटबॉल-कुस्तीचे फोटो काढत जोडीला पोर्ट्रेट करणाऱ्या बऱ्याच पोरांच्या बॅगेत एवढंच असतं. पुढं काय घ्यावं असं विचारलं की ‘आता मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घे’ हे उत्तर ठरलेलं. इथं तीन पर्याय तोलून बघितलेत: सेकंडहँड ईएफ ७०-२०० एफ/२.८ एल आयएस टू ही झूम लेन्स, ईएफ ८५ एफ/१.८ ही लेन्स आणि ईओएस आर१० ही मिररलेस बॉडी. एकच वस्तू परवडणार असेल तर ७०-२०० घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

कारण उजेड. फुटबॉल लीगचा दुसरा सामना रंगात येतो तेव्हा शाहू स्टेडियमवरचं ऊन उतरायला लागलेलं असतं. ५५-२५० पूर्ण लांबवली की एफ/५.६ च्या पुढं उघडत नाही (एफचा आकडा लहान, तेवढा उजेड जास्त). पळणारा खेळाडू आणि उडालेला बॉल गोठवायचा तर १/१००० सेकंदाचं शटर हवंच. तिथं आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे येतात) ६४०० लागत असेल, तर त्याच क्षणी एफ/२.८ वर १६०० मध्ये भागतं. चौपट उजेड. कुठलीही नवी बॉडी घेतली, तरी तेवढ्यानं किटची झूम चौपट उजेड आत घेणार नाही. जर्सीवरचा दाणेदार चिखल ही बहुतेक वेळा सेन्सरची नाही, लेन्सची तक्रार असते.

पोच मात्र २५० वरून २०० वर येते, हे घेण्याआधी कळलेलं बरं. क्रॉप सेन्सरवर (या बॉडींमधला लहान सेन्सर) कॅमेरा आडवा धरून २०० मिमीला ४० मीटरवरचा खेळाडू फ्रेमच्या उंचीचा साधारण ६० टक्के भाग व्यापतो. ६० मीटरवर तोच ४० टक्क्यांवर येतो, म्हणजे नंतर फोटो कापावाच लागतो. त्यामुळं गोलपोस्टच्या मागं कोपऱ्याकडे बसा आणि आपल्या बाजूचं अर्धं मैदानच आपलं समजा. पलीकडच्या गोलचा नाद सोडायचा. १.४ एक्स्टेंडर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) लावला तर २८० मिमी एफ/४ मिळते. दुपारच्या उन्हात ते चालतं, संध्याकाळी नाही.

लेन्सच्या अंगावरचा फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) बहुतेकजण कधी हलवतच नाहीत. तो २.५ मीटर ते अनंतवर ठेवा. मध्येच समोरून कुणी गेलं आणि फोकस सुटला, तर लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येत नाही, वेळ वाचतो. १/१००० ला स्टॅबिलायझर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारा) बंद ठेवला तरी चालतो. पॅनिंग, म्हणजे पळणाऱ्यासोबत कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर स्टॅबिलायझरचा मोड २. फोकस शटरवरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर द्या (२००डी वर ते बटण नाही, तिथं स्टारच्या बटणावर), मोड एआय सर्वो (हलणाऱ्यावर फोकस धरून ठेवणारा), एक्स्पोजर मॅन्युअल आणि आयएसओ ऑटो. ८०डी सेकंदाला ७ फ्रेम काढते. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) तीन-साडेतीन सेकंद दाबून धरलं की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि नेमका गोल त्यानंतर होतो. छोटे छोटे बर्स्ट (सलग फ्रेमा) मारा. कार्डासाठी उगाच पैसे घालू नका: ८०डी चा स्लॉट यूएचएस-वन आहे, त्यात वेगवान व्ही९० कार्ड घातलं तरी वेग तेवढाच.

खासबागेत गणित वेगळं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या या मैदानात सगळ्यांना कुस्ती दिसते, फोटोवाल्याला मात्र हौद्याच्या (मातीच्या आखाड्याच्या) कडेलाच बसावं लागतं. अंतर दहा-बारा मीटर, इथं ७०-२०० अगदी मापात बसते. १/६४० पुरतं. पण १२ मीटरवर २०० मिमी एफ/२.८ ला शार्प पट्टा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा असतो. ढाक हा डाव लागताना एक पैलवान खाली, दुसरा वर. एकाचा चेहरा शार्प येतो, दुसऱ्याचा जातो. उजेड असेल तर एफ/४ करा. रात्रीच्या दिव्यांत दुसरीच कटकट: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि एकाच बर्स्टमधली एक फ्रेम उजळ, पुढची पिवळट काळी येते. ८०डी आणि आर१० मध्ये अँटी-फ्लिकर आहे, तो चालू ठेवा. बर्स्ट थोडा मंदावतो, पण फ्रेमा एकसारख्या येतात. फ्लॅश मारायचा नाही, समोर माणूस डाव टाकतोय.

आता पोर्ट्रेट. इथं ८५ एफ/१.८ ची बाजू वाटते तेवढी भक्कम नाही. क्रॉप बॉडीवर ती मोठ्या सेन्सरवरच्या १३६ मिमीसारखी वागते. डोकं-खांदे घ्यायला सव्वादोन मीटर ठीक, पण उभ्या माणसाचा पूर्ण फोटो घ्यायला साडेसात मीटर मागं जावं लागतं. रंकाळा तलावाच्या कडेला जागा असते, पेठेतल्या घराच्या सोप्यात नसते. घरात त्यापेक्षा ५० एफ/१.८ एसटीएम बरी, तिला साडेचार मीटर पुरतात आणि वजन १६० ग्रॅम. शिवाय ८५ ला एफ/१.८ वर चांदीचे दागिने, पांढऱ्या फेट्याची कड, पाण्यावरची चमक यांना जांभळी किनार येते. मावळतीला रंकाळ्याकडे तोंड करून काढलेत तर हमखास. एफ/२.८ ला ती बरीच कमी होते. मग प्रश्न असा की एफ/२.८ च वापरायचं, तर हातातली ७०-२०० काय वाईट? १३५ मिमी एफ/२.८ ला तालमीतल्या पोराचं पोर्ट्रेट मागची भिंत विरघळवून येतं. ८५ चा खरा फायदा वजनाचा: ४२५ ग्रॅम विरुद्ध १४९० ग्रॅम. दिवसभर पन्हाळ्यावर जोडप्यामागं फिरणाऱ्याला हा फरक खांद्याला कळतो.

डीएसएलआरवर ८५ चा डोळ्याऐवजी कानावर फोकस बसत असेल तर लेन्स खराब आहे असं लगेच धरू नका. सव्वादोन मीटरवर एफ/१.८ ला शार्प भाग पाच सेंटिमीटरचाच, बॉडी-लेन्सचा किंचित बेबनावही दिसतो. ८०डी मध्ये मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट (फोकस किंचित पुढं-मागं सरकवायची सोय) आहे, २००डी मध्ये नाही. आर१० वर हा प्रश्नच उरत नाही, कारण फोकस सेन्सरवरूनच होतो आणि डोळा कॅमेराच शोधतो. पोर्ट्रेटच्या माणसासाठी आर१० चा सगळ्यात मोठा गुण हाच.

आर१० मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम काढते, अ‍ॅडाप्टरवर जुन्या ईएफ लेन्स नीट चालतात. २००डी वाल्याच्या एलपी-ई१७ बॅटऱ्याही चालतात. दोन जादा ठेवा, व्ह्यूफाइंडर त्या भराभर खातो. इलेक्ट्रॉनिक शटरचे २३ फ्रेम मात्र फुटबॉलला वापरू नका, बॉल अंडाकृती येतो. बॉडीत स्टॅबिलायझर नाही, कार्डाचा स्लॉट एकच. आणि सव्वाचारशे ग्रॅमच्या बॉडीला ७०-२०० जोडल्यावर पट्टा बॉडीला लावून गळ्यात लटकवायचं नाही, वजन लेन्सच्या कॉलरवरच (लेन्सभोवतीच्या कड्यावर) हवं.

सेकंडहँड ७०-२०० बघायला आपली बॉडी आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. लेन्स बॉडीवरून काढा, मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा: धूळ चालते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती फंगस, घेऊ नका. मग २०० मिमी, एफ/२.८ ला तिरप्या ठेवलेल्या पट्टीवर फोटो काढून फोकस नेमक्या आकड्यावर बसतो का बघा. स्टॅबिलायझर चालू करून कान द्या. हलकी घरघर ठीक, खडखड नाही. माउंटचे स्क्रू ओरखडलेले असतील तर लेन्स कुणीतरी उघडलीय. पुढच्या ७७ मिमीच्या कड्याला पोचा असेल तर फिल्टर बसवून बघा. कॉलर आणि ईटी-८७ हूड सोबत हवेतच, नाहीतर किंमत खाली आणा.

आणि घेतलीत तर कापडी बॅगेत ठेवू नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत डब्यात.