रोलर फिरत होते, तरी त्याने मोटर उतरवून नेली

चोवीस हजार एकशे पन्नास रुपये. माझ्या ड्रमची मोटर ‘दुरुस्त’ करतो म्हणून आलेल्या एका मेकॅनिकने एवढे उकळले. भेटीचे ८००, मोटर आणि गिअरबॉक्सच्या ‘ओव्हरहॉल’चे आगाऊ १४,५००, ‘इम्पोर्टेड लायनिंग’चे ६,३५० आणि जोडणीचे २,५००. सगळे यूपीआयने दिले, सगळ्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत, आणि त्यातला एक रुपयाही परत आलेला नाही. टॅक्सीडर्मी, म्हणजे मेलेल्या प्राण्यांची कातडी भरून हुबेहूब आकार देण्याचं काम, करणाऱ्यांनी, केसांसकट कातडी कमावणाऱ्यांनी, किंबहुना रोलरवर फिरणारा ड्रम असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. घरातही पूर्ण आकडा मी बरेच दिवस सांगितला नव्हता, इतकी लाज वाटत होती.

माझा ड्रम लाकडी, ९०० मिलिमीटर व्यासाचा. खाली दोन शाफ्ट, त्यांवर रबर चढवलेले रोलर. एक शाफ्ट गिअरबॉक्सला जोडलेला, दुसरा नुसता आधाराला. कमावून तेल दिलेली, अर्धवट वाळलेली कातडी यात भुशाबरोबर काही तास फिरते. भुसा उरलीसुरली चरबी शोषतो आणि कातडी मऊ पडते. मिनिटाला पंचवीसेक फेरे पुरतात. एवढ्या व्यासाचा ड्रम पंचेचाळीसच्या आसपास नेला तर माल वरून खाली पडतच नाही, कडेला चिकटून गोल जात राहतो. (कोणी ‘वेग वाढवून देतो, घसरणं थांबेल’ म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.)

बिघाड असा होता: रिकामा ड्रम नीट फिरायचा, माल भरला की घसरायचा. आधी दरवाजाची बाजू वर येताना अडखळायचा, नंतर उभाच राहायला लागला. आत ऑर्डरची सात बोकडांची कातडी होती, ओलसर. त्या अवस्थेत काम थांबलं तर ती वाळून फळीसारखी होतात आणि पुन्हा भिजवून सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मला नावं ठेवण्याआधी ही घाई लक्षात घ्या.

आणि दुरुस्तीला बोलवायचं कुणाला? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर टॅक्सीडर्मीचा जुना धंदा आटत गेला. मैसूरचा व्हॅन इंगेनसारखा नावाजलेला कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. या कामाचं यंत्र ओळखणारा मेकॅनिक सहज सापडत नाही. मग फोनवर शोधल्यावर ‘सर्व प्रकारचे टम्बलर, मिक्सर, पॉलिशिंग ड्रम’ असं लिहिणारा एक जण मिळाला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: भेटीचे पैसे कमी, बोलणं गोड, आणि आल्या आल्या यंत्र उघडून ठेवायचं, म्हणजे तुम्ही अडकलात.

आता तो क्षण, ज्याच्यावरून रात्री अजून झोप उडते. त्याने भरलेला ड्रम चालू करायला सांगितला. मी बटण दाबलं. ड्रम जागचा हलला नाही, पण त्याच्याखाली रोलर फिरत होते. मला दिसत होते. रबर ड्रमच्या पट्टीवर घासून किरकिरत होतं. रोलर फिरतो याचा अर्थ मोटर फिरते, पट्टा ओढतो आणि गिअरबॉक्स ताकद पुढे देतो. बिघाड राहतो तो फक्त रोलर आणि ड्रम एकमेकांना टेकतात त्या बोटभर जागेत! आणि हा माणूस वायरला करंट मोजायचा क्लँप मीटर लावून गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “मॅडम, वाइंडिंग गेलंय, आतला वर्म व्हीलही खाल्लाय.” म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी जळली आणि गिअरबॉक्समधलं दातेरी चाक झिजलं. मीटरवर पाचपेक्षा कमी आकडा होता. मोटरच्या पाटीवर ७ अँपिअर लिहिलेलं आहे. जळत चाललेली मोटर जास्त करंट खेचते, ट्रिप करते, जळक्या वॉर्निशचा वास सोडते. यातलं काहीच नव्हतं. कमी करंटचा अर्थ एवढाच की तिच्यावर पुरता भार येतच नव्हता, कारण ड्रम घसरत होता. मी आयुष्यभर कातडी हाताळली आहे, मोटरी नाही. मीटर लावून आकडा वाचून दाखवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

तुम्ही हे करा: खडूने मोटरच्या पुलीवर, गिअरबॉक्सला जोडलेल्या शाफ्टच्या रोलरवर आणि ड्रमवर एकेक रेघ मारा, दोन पावलं मागे उभं राहून यंत्र चालू करा. पुली फिरते आणि रोलर थांबला, तर आधी पट्टा बघा: सैल आहे का, कडा चकाकतायत का, पुलीच्या खाचेच्या तळाला टेकलाय का. असा निमुळता पट्टा, म्हणजे व्ही-बेल्ट, कडांनी पकडतो. तळाला टेकला की कितीही ताणा, घसरणारच. रोलर फिरतो आणि ड्रम थांबला, तर मोटरला कुणाला हातही लावू देऊ नका.

त्याने मोटर आणि गिअरबॉक्स दोन्ही गाडीत घालून नेले. पावती मागितली तर म्हणाला, “काम झाल्यावर पक्कं बिल देतो.” ते बिल कधीच आलं नाही. मोटरच्या पाटीचा फोटो मी आधीच काढला होता, केवळ म्हणून आज सिद्ध करता येतं की परत आलेली मोटर तीच आहे, वरून हिरवा रंग मारलेली. गिअरबॉक्सही तोच. ‘इम्पोर्टेड लायनिंग’ म्हणजे काय, तर रोलरवर भुरभुरलेली राळ. राळेने रबर चिकट झालं आणि त्याने ड्रम फिरवून दाखवला. रिकामा. मी “माल भरून बघू” म्हटलं, तर म्हणे नवीन वाइंडिंगला पहिल्या दिवशी भार देत नाहीत. हे साफ खोटं आहे. वाइंडिंग करून आणलेल्या मोटरला असा कुठलाही उपास नसतो. भरलेल्या ड्रमची चाचणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

राळेवर भुसा बसला, त्याचा कडक गुळगुळीत थर झाला आणि ड्रम आधीपेक्षा वाईट घसरू लागला. फोन केला तर आधी “उद्या येतो”, मग “मुख्य कंट्रोलर बदलावा लागेल, ९,००० पाठवा”, मग फोन बंद. माझ्या यंत्रात कंट्रोलर नावाची वस्तूच नाही.

शेवटी मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका वयस्कर काकांनी मोटर उघडली. आत मूळचीच तार, मूळचंच वॉर्निश. गिअरबॉक्सचे दात शाबूत. मग त्यांनी ड्रमच्या दरवाजाची नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी दाखवली. ती झिजली होती, आणि फटीतून मिनरल टर्पेंटाइनने ओला झालेला, चरबी शोषलेला भुसा प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा रोलरवर गळत होता. साधं रबर अशा तेलांनी फुगतं, त्यात चरबीचा थर, मग पकड कुठून राहणार? तेल सोसणाऱ्या नायट्राइल रबराच्या बाह्या १,९००, दरवाजाची पट्टी ३४०, काकांची मजुरी ७००. एकूण २,९४०, आणि काम पक्कं. रोलर कधी पेट्रोल-रॉकेलने पुसू नका, साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करा. ड्रम निम्म्याच्या वर भरू नका.

आता अधिकाऱ्यांचं. पोलीस ठाण्यात मी पैशांबद्दल बोलत होते आणि समोरून प्रश्न एकच, “कसली कातडी?” बोकडाची, मेंढीची, सशाची, सांगून थकले. “टॅक्सीडर्मी म्हणजे वाघबिबट्या ना? लायसन्स आहे का?” १९७२ च्या कायद्यातला परवाना वन्यप्राण्यांच्या कामासाठी लागतो, पाळीव शेळीमेंढीला नाही, हे तक्रारदाराने पोलिसांना समजवायचं का? माझ्याकडे खाटकाच्या पावत्या होत्या, त्या उलटसुलट तपासल्या गेल्या. त्या माणसाचा नंबर मात्र कुणी लिहूनही घेतला नाही. मग निकाल, “ताई, हा आपसातला व्यवहार आहे, दिवाणी मामला. कोर्टात जा.” खोटं सांगून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. जुनी मोटर रंगवून दुरुस्त म्हणून देणं हा व्यवहार कसा? अर्जाची पोच मागितली, तर साहेब राउंडला गेलेत. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर, फोन केला, तर माणूस प्रत्यक्ष घरी आला म्हणजे हा सायबर गुन्हा नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो, आणि चोराला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. १४,५०० च्या मागे कुणी लागत नाही, या हिशेबावरच त्याचा धंदा चालतो.

ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तीच लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे, पावती जपून ठेवली आहे. ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नोंद झाली. तिथेही आधी “यंत्र व्यवसायाचं आहे, तुम्ही ग्राहक नाही” ऐकावं लागलं. ऐकून परत फिरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवलेल्या कामाला सूट आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. माझा दावा दाखल आहे: पाटीचा फोटो, यूपीआयच्या नोंदी, काकांनी लिहून दिलेला अहवाल आणि ‘कंट्रोलर’चा तो मेसेज.

तुमच्याकडूनही कुणी अशीच मोटर उतरवून नेली असेल, रकमेची लाज न बाळगता आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याचा फोन नंबर त्यात लिहा. एकाच नंबरावर चार ठिकाणचे अर्ज पडले, तर त्याला आपसातला व्यवहार म्हणून झटकणं साहेबांनाही अवघड जाईल.