खरखरणाऱ्या नॉबवर डिऑक्सिट: डी५ घ्यावा की फेडर एफ५?

इलेक्ट्रिक गिटारचा व्हॉल्यूम कमी-जास्त करताना अँपमधून (अँप्लिफायरमधून) ‘खर्र’ असा आवाज येणे, टोनचा नॉब एका ठरावीक जागी आला की सूर मधेच गायब होणे, पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) निवडणारा स्विच किंचित हलवल्याशिवाय आवाजच न निघणे, या तक्रारी मुंबईत आणि कोकणात पावसाळा सरता सरता हटकून ऐकू येतात. त्यावर ‘आत थोडा स्प्रे मार’ हा सल्ला सगळेच देतात. सल्ला योग्यच आहे. मात्र कोणता स्प्रे, नेमका कुठे आणि किती मारायचा हे क्वचितच कोणी सांगते, आणि काम होणे न होणे त्यावरच अवलंबून असते. म्हणून या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डिऑक्सिटच्या डी५ आणि फेडर एफ५ या दोन स्प्रेंबद्दलचे माझे मत येथे सविस्तर मांडतो आहे.

दोन्ही स्प्रे कॅलिफोर्नियातील सीएआयजी लॅबोरेटरीज ही कंपनी बनवते. नावातला ५ हा आकडा मूळ औषधाचे प्रमाण सांगतो. म्हणजे डब्यात ५ टक्के सक्रिय द्रव असतो आणि उरलेला भाग मळ वाहून नेणाऱ्या, लगेच उडून जाणाऱ्या द्रावकाचा आणि फवाऱ्याला जोर देणाऱ्या वायूचा. डी५ हा मुख्यतः धातूवर धातू टेकतो अशा जोडांसाठी आहे. तो ऑक्साइडचा थर सोडवतो आणि मागे अगदी पातळ संरक्षक थर ठेवतो. एफ५ मात्र कार्बनच्या आणि वाहक प्लास्टिकच्या पट्ट्यांसाठी बनवलेला असून त्यात वंगणाचा भाग महत्त्वाचा आहे. दुकानात हे डबे शेजारी शेजारी असतात, दिसायलाही सारखेच, त्यामुळे बहुतेक जण ऐकलेल्या नावाचा, म्हणजे डी५, उचलून आणतात.

हा फरक गिटारवाल्यासाठी का महत्त्वाचा आहे, ते कळण्यासाठी पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या पोटेन्शियोमीटरच्या, आत डोकावावे लागते. नॉबखालच्या गोल धातूच्या डबीत कार्बनचा लेप दिलेली अर्धगोल पट्टी असते, आणि दांडा फिरला की स्प्रिंगसारखी एक छोटी पत्री त्या पट्टीवरून घासत सरकते. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपच्या गिटारमध्ये हा पॉट साधारणपणे २५० किलोओहमचा आणि हंबकरच्या (दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या) गिटारमध्ये ५०० किलोओहमचा असतो, पण रचना तीच. पट्टीवर धूळ, हवेतला ओलावा आणि झिजलेल्या कार्बनची भुकटी साचली की पत्रीचा स्पर्श क्षणभर तुटतो आणि जुळतो. पुढे अँपमध्ये हा अगदी सूक्ष्म खंड कितीतरी पटींनी मोठा होऊन ऐकू येतो. दांडा हाताला मऊ आणि किंचित जड लागतो, तो कारखान्यात भरलेल्या ग्रीसमुळे. तीव्र द्रावकाचा सढळ फवारा मारला तर मळाबरोबर हे ग्रीसही धुऊन निघते आणि नॉब ढिला, पोकळ वाटू लागतो. खरखर थांबली तरी व्हॉल्यूम करंगळीने वळवून स्वर फुलवत नेणाऱ्या वादकाला हा ढिलेपणा फार खुपतो.

माझ्याकडच्या स्ट्रॅट घाटाच्या जुन्या गिटारचा व्हॉल्यूम पॉट एफ५ने साफ केला, त्याची रीत सांगतो. तारा सैल करून, पिकगार्डचे (नॉब बसवलेल्या पुढच्या पातळ पट्टीचे) स्क्रू काढून ते अलगद उलटे केले आणि खाली जुना सुती कपडा अंथरला, कारण द्रावक लाकडाच्या पॉलिशवर किंवा प्लास्टिकवर सांडू देऊ नये. पॉटच्या तीन पायांच्या वरच्या बाजूला डबीला एक अरुंद फट असते. स्प्रेची बारीक नळी तिथे टेकवून निमिषमात्र दाबायची, इतकेच. त्यानंतर दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवायचा. फटीतून काळपट थेंब बाहेर आला तो कार्बनच्या भुकटीचा आणि मळाचा. तो टिपून घेतला आणि द्रावक उडून जाईपर्यंत गिटार तशीच उघडी ठेवली. जोडून वाजवल्यावर खरखर पूर्ण गेली होती आणि दांड्याचा मूळचा रेशमी जडपणा कायम होता. माझ्या लेखी एफ५ची खरी कमाई ही दुसरी गोष्ट आहे.

डी५ची जागा जॅक आणि स्विच यांच्यापाशी आहे. गिटारच्या जॅकमधली वाकडी पत्री काळवंडली असेल तर कापसाच्या काडीवर थोडा डी५ घेऊन ती पुसावी; काडीवर काळी रेघ उमटते आणि केबल हलवताना होणारा तडतडाट बंद होतो. पाच खाचांच्या स्विचलाही हाच उपाय लागू पडतो.

अँपच्या बाबतीत डी५चा एक उपयोग फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्या अँपला इफेक्ट्स लूप (बाहेरची इफेक्टची यंत्रे मधे जोडण्यासाठीची ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी जॅकची जोडी) असतो, त्याच्या ‘रिटर्न’ जॅकमध्ये एक छोटा स्विच असतो. लूपमध्ये काही जोडलेले नसताना आवाजाचा सारा प्रवाह त्या स्विचच्या दोन पत्र्यांमधून जातो, आणि जॅक वर्षानुवर्षे न वापरल्याने त्या पत्र्या काळवंडतात. मग अँपचा आवाज मधेच बसतो, मधेच परत येतो, आणि माणूस ट्यूब (अँपमधले काचेचे व्हॉल्व्ह) बदलण्याच्या खर्चात पडतो. खात्री करायची असेल तर ‘सेंड’पासून ‘रिटर्न’पर्यंत एक छोटी केबल जोडावी, आवाज पूर्ववत झाला तर दोष त्या पत्र्यांचाच. अँपची वायर भिंतीतून काढावी, गिटारच्या केबलच्या प्लगच्या टोकाला थोडा डी५ लावावा आणि तो प्लग त्या जॅकमध्ये काही वेळा आत-बाहेर करावा. अँप उघडण्याची गरजच पडत नाही.

आता मर्यादा. कार्बनचा लेपच झिजून गेला असेल तर कोणताही स्प्रे तो परत आणू शकत नाही. साफ केल्यावर काही दिवसांतच त्याच जागी खरखर परतली, तर पॉट बदलणे हाच मार्ग. अँपचा नॉब फिरवताना खरखर येत असेल आणि चांगली सफाई करूनही ती तसूभर कमी होत नसेल, तर बहुधा एखादा कंडेन्सर गळका झालेला असतो आणि पॉटवर नको तो डीसी दाब येत असतो. तारांना हात लावल्यावर थांबणारी घरघर हा तर शील्डिंग आणि अर्थिंगचा विषय आहे, तिथे हा डबा उघडूच नये. ट्यूब अँपच्या पोटात स्वतः हात घालू नये, हे मात्र कळकळीने सांगतो. वायर काढल्यानंतरही आतल्या कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, आणि ते काम जाणत्या कारागिराचेच आहे.

आपल्याकडे याऐवजी डब्ल्यूडी-४० मारण्याची पद्धत आहे. तो मूळचा ओलावा हटवण्यासाठी बनवलेला द्रव आहे. त्याचा तेलकट थर धूळ धरतो आणि पॉटमध्ये तो मला पटत नाही. त्याच कंपनीचा वेगळा कॉन्टॅक्ट क्लीनरही मिळतो. तो जॅक आणि स्विचसाठी चालेल, पण तो वंगण ठेवत नाही, म्हणून पॉटसाठी एफ५ची बरोबरी करत नाही. सीआरसी २-२६ विजेच्या सामानाच्या दुकानात सहज आणि स्वस्तात मिळतो. तोही तेलकट थर ठेवतो, आणि माझ्या मते त्याची जागा घरातल्या विजेच्या कामात आहे, गिटारच्या नॉबमध्ये नाही.

डिऑक्सिटची किंमत हीच खरी अडचण आहे. बाहेरून येणारा आणि ज्वालाग्राही असल्याने विमानातल्या सामानात सोबत आणता न येणारा हा डबा आपल्याकडे साध्या नव्या पॉटच्या अनेक पटींनी महाग पडतो, म्हणून एकाच गिटारच्या एकाच नॉबसाठी तो घेणे मला योग्य वाटत नाही. बँडमधल्या सगळ्यांनी मिळून घ्यावा; एका पॉटला द्रव इतका थोडा लागतो की तो काही वर्षे सहज पुरतो, आणि सरावाच्या खोलीतल्या मिक्सरचे फेडर (सरकवायचे नॉब) सुद्धा त्यातच साफ होतात. दोन्हींपैकी एकच परवडणार असेल तर निःशंक एफ५ घ्यावा, आणि डी५ नंतर, अँपचे जॅक कुरकुरू लागले की आणावा.