म्हापशाच्या टीचरकडे अ‍ॅप्लिकेशनचा निबंध, आमचा अनुभव

भावाचं अमेरिकेतल्या कॉलेजांचं अ‍ॅप्लिकेशन एकदाचं गेलं. उत्तरं मार्चअखेर येतील तेव्हा येतील, पण त्याआधीच हे लिहून टाकते, कारण गेल्या महिन्यात डिचोली साखळीकडच्या तीन-चार जणांनी मला विचारलं की घरच्या अडचणी फॉर्ममधे लिहायच्या का, लिहायच्या तर कुठे, आणि यासाठी जायचं कोणाकडे.

आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिलं पणजीतलं एक कन्सल्टन्सीचं ऑफिस, त्याचं नाव लिहीत नाही. पॅकेज १८,००० चं. कॉलेजांची यादी त्यांनी नीट करून दिली, फॉर्मही व्यवस्थित भरून घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार निबंधाची आहे, म्हणजे फॉर्मबरोबर मुलाने स्वतःबद्दल लिहायचा असतो त्याची. आमचा गाव मायनिंग बेल्टमधला, बाबांचा एक ट्रक होता खनिज वाहतुकीचा. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून खाणी बंद झाल्या, तेव्हा ट्रकच्या लोनचे हप्ते चालूच होते. हे ऐकल्यावर तिथला मुलगा एकदम खूष झाला, म्हणाला मॅडम स्टोरी खूप स्ट्राँग आहे, हेच मेन निबंधात घालूया. आठ दिवसांनी ड्राफ्ट आला त्यात दारात उभा ट्रक, लाल धूळ, रडणारी आई, उपाशी झोपलेला मुलगा. आमच्या घरात कधीच कोणी उपाशी झोपलं नाही. आणि भाऊ तेव्हा चौथीत होता, त्याला त्यातलं निम्मंही आठवत नाही.

मी तो ड्राफ्ट बाबांना मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, मग एवढंच विचारलं, "निमाणो हप्तो हांवेंच भरला, तें हातूंत खंय आसा?" (शेवटचा हप्ता मीच भरला, ते यात कुठे आहे?) खरंच नव्हतं. खाणी बंद झाल्यावर दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्यांनी शेवटचा हप्ता २०२१ साली भरला, बँकेची एनओसी आणली आणि मगच ट्रक विकला. त्या निबंधात बाबा फक्त हरलेले होते. तो ड्राफ्ट आम्ही वापरला नाही, पैसे गेले ते गेले.

टीचरचं नाव कळलं ते आईच्या डायलिसिसच्या वेळी, बाजूच्या बेडवरच्या पेशंटच्या मुलीकडून. निवृत्त हेडमिस्ट्रेस आहेत, म्हापशात राहतात, घराच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून शिकवतात. तासाला ६००, आम्ही पाच वेळा गेलो, सगळे मिळून ३,६०० झाले कारण एकदा दोन तास बसवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी निबंध वाचलाच नाही. आधी मार्कशीटा मागितल्या. दहावीला ९१ टक्के, अकरावीला ६४, बारावीच्या पहिल्या टर्मला ८३. बोट ६४ वर ठेवून म्हणाल्या, हे बघणाऱ्याला पहिला प्रश्न इथे पडणार, आणि तुमच्या ट्रकच्या गोष्टीत याचं उत्तर नाही. मग विचारलं, अकरावीत काय झालं रे बाळा? भाऊ गप्प. शेवटी मीच सांगितलं की आईला मंगळवार-शुक्रवार डायलिसिसला म्हापशाला आणावं लागतं, बाबा ड्रायव्हिंगला, मी वेर्ण्याला शिफ्टमधे, त्यामुळे वर्षभर तोच आईबरोबर यायचा. मशीनवरच चार तास, शिवाय जाणं-येणं, आणि शुक्रवारी म्हापशाचा बाजार म्हणजे बस कधी पोचेल याचा भरवसा नाही.

पुढच्या वेळी येताना टीचरनी त्या वर्षाचं कालनिर्णय आणायला सांगितलं. आईची सवय आहे, दुधाचा हिशोब लिहिते त्याच चौकोनात कोपऱ्यात "डी" लिहिते. टीचरनी ते टेबलावर पसरलं, शेजारी कॉलेजचं टाइमटेबल ठेवलं आणि लाल पेनाने शुक्रवार मोजत गेल्या. फिजिक्सचं प्रॅक्टिकल शुक्रवारी. टर्मभरात अकरा प्रॅक्टिकलं बुडालेली, आणि मार्क सगळ्यात जास्त घसरले होते ते फिजिक्समधेच. घरात दीड वर्ष आम्ही त्याला अभ्यासाकडे लक्ष नाही म्हणून बोलत होतो, मीसुद्धा बोलले होते. त्या दिवशी टेबलाशी बसून मला फार वाईट वाटलं, भाऊ मात्र पहिल्यांदाच सरळ बसून बोलायला लागला.

आता कामाची माहिती. कॉमन अ‍ॅपमधे, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या ऑनलाइन फॉर्ममधे, मेन निबंध ६५० शब्दांपर्यंत असतो. त्याशिवाय चॅलेंजेस अँड सर्कमस्टान्सेस नावाची एक वेगळी जागा आहे, ऐच्छिक, २५० शब्द. आधी तिथे कोविडबद्दल विचारायचे, २०२५ पासून ती कुठल्याही अडचणीसाठी केली. टीचरचं म्हणणं असं की आजारपण, घरचं काम, बुडलेलं वर्ष हे याच जागेत लिहायचं, साध्या भाषेत, तारखांसकट: काय झालं, कधीपासून, अभ्यासावर काय परिणाम झाला, आता परिस्थिती काय आहे. भावाचं १७४ शब्दांत संपलं. त्यात शेवटी आलं की बारावीत माझी शिफ्ट बदलली, शुक्रवार मी घेतला आणि फिजिक्सचे मार्क परत वर आले. विशेषणं टीचरनी एकूण एक काढली. "खूप कठीण काळ" असं त्याने लिहिलं होतं, त्याच्या जागी "आठवड्यातून दोन दिवस" आलं, आणि वाचताना तेच जास्त लागतं.

आईला विचारल्याशिवाय एक अक्षर पाठवायचं नाही हीसुद्धा त्यांचीच अट. आजार तिचा आहे, मुलाचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आईने ऐकलं आणि फक्त "किडनी फेल" हा शब्द काढायला लावला, डायलिसिस राहू दे म्हणाली.

त्यामुळे मेन निबंध मोकळा झाला. भाऊ चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्यांना घुमट वाजवतो, मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं वाद्य. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं हेरिटेज वाद्य म्हणून जाहीर केलं. पण आमच्याकडचे जाणते म्हणतात बकऱ्याच्या कातड्याला तो आवाज नाही, तर यानं कातडं कमीजास्त ताणून, उन्हात कमीजास्त ठेवून, मोबाईलवर आवाज मोजून वहीत आकडे लिहिलेले. ती वही आमच्या घरात कपाटावर पडून होती, पणजीच्या ऑफिसात कोणी विचारलंच नाही की तुला काय आवडतं. टीचरनी दुसऱ्याच तासाला विचारलं. निबंध त्याने स्वतः लिहिला, इंग्लिश थोडं वाकडंतिकडं आहे, टीचरनी चुका दाखवल्या पण वाक्यं बदलून दिली नाहीत.

माझी मावसबहीण यूकेला अर्ज करते आहे, तिचंही विचारून घेतलं. तिथे यूकासचं (सगळे अर्ज जिच्यामार्फत जातात ती संस्था) स्टेटमेंट, म्हणजे स्वतःबद्दल लिहायचा मजकूर, २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलंय, सगळं मिळून ४,००० अक्षरं, स्पेस धरून. तिकडे घरच्या अडचणी रेफरन्स देणाऱ्या शिक्षकांनी लिहायच्या असतात, त्यांच्या फॉर्ममधे त्यासाठी वेगळा भाग आहे, तेव्हा आपल्या कॉलेजातल्या सरांशी आधीच जाऊन बोलायला हवं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटीचं अजून वेगळं, आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकी ३५० शब्द, त्यात एक प्रश्न सरळ अडचणीबद्दलचाच आहे.

टीचरच्या बाबतीत न पटलेल्या गोष्टीही आहेत. फक्त शनिवार-रविवार. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देत नाहीत, ड्राफ्ट प्रिंट काढूनच न्यावा लागतो. चवथीच्या आधी-नंतर मिळून तीन आठवडे बंद, त्यात आमचे ऑक्टोबरपर्यंत हाल झाले. आणि कॉलेजची फी, स्कॉलरशिप, व्हिसा यातलं त्या काही बघत नाहीत, ते तुम्हाला दुसरीकडेच विचारावं लागेल. ज्यांना दोन आठवड्यांत सगळं उरकायचंय त्यांच्यासाठी ही जागा नाही. तरी मी पाचपैकी पाच देते, कारण बाबांना दुसरा निबंध वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तो परत एकदा वाचायला लावला.

जायचं असेल तर ऑगस्टमधेच सुरू करा, चवथीच्या आधी दोन तास तरी होतील. मार्कशीटची झेरॉक्स चालते. जुनं कालनिर्णय असेल तर टाकू नका, बरोबर न्या.