मीटरवर ४१ हजार बघून टर्बो गाडी घेतली आणि पुरता फसलो

सोलापुरात कुणी जुनी गाडी, त्यातपण जोरात पळणारी टर्बो गाडी (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) घ्यायच्या विचारात असेल तर हे सगळं वाचा, लांब झालंय पण वाचा. गाडीच्या किमतीवर माझे अजून साडेतीन लाख गेलेत आणि हे दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत एवढ्यासाठीच लिहितोय.

मला कॉलेजपासून एकच गाडी डोक्यात होती, टू लिटर टर्बो पेट्रोल सेडान, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर, सहा गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लच आळीपाळीनं वापरून आपोआप गिअर बदलणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोष गाडीचा नव्हता. नवी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून जुनी शोधत होतो. जानेवारी २०२४ मध्ये, गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा, एकाच आठवड्यात तसल्या दोन गाड्या बघायला मिळाल्या.

पहिली विजापूर रोडला, बँकेतनं रिटायर झालेल्या एका काकांची. २०१६ची, मीटरवर ९६ हजार, किंमत सव्वानऊ लाख. काकांनी गाडी दाखवायच्या आधी चहा दिला आणि समोर एक जाड प्लास्टिकची फाइल ठेवली. गाडी घेतल्यापासनंची सगळी बिलं तारखेनं लावलेली, प्रत्येक बिलावर किलोमीटर. दर १० हजाराला नाहीतर वर्षाला, जे आधी येईल तेव्हा इंजिन ऑइल, दर दोन वर्षाला ब्रेक ऑइल, आणि ६० हजाराला गिअरबॉक्सचं ऑइल फिल्टरसकट आणि स्पार्क प्लग. अगदी मागच्या बल्बचं बिलसुद्धा पिन मारून ठेवलेलं. म्हणाले, "पोरगी पुण्यात असते, महिन्यातनं दोनदा जातो आम्ही, गाडी हायवेलाच पळाली बघा." मी मान हलवली पण डोक्यात ९६ हजारच फिरत होतं. दाजी सोबत होते, ते बाहेर आल्यावर म्हणाले, "लाखाला टेकलेली टर्बो गाडी कशाला घेतोस, इंजिन संपलं असणार." मलापण तेच वाटलं. त्या फाइलची किंमत तेव्हा कळलीच नाही.

आता हिशोब करतो तर बघा, पुणे जाऊन येऊन साधारण ५०० किलोमीटर, महिन्यातनं दोनदा म्हणजे वर्षाला १२ हजार, आठ वर्षांचे झाले ९६ हजार. काकांचं बोलणं, बिलं आणि मीटर तिन्ही एकमेकाला जुळत होतं. हे तिथंच बसून दोन मिनिटात जमलं असतं.

दुसरी गाडी एका कार बाजारवाल्याकडं. नाव, पत्ता लिहीत नाही, केस चालू आहे. २०१७ची, एमएच १२ पासिंग, पांढरी, आतनं नव्यासारखी चकचकीत, मीटरवर ४१ हजार. "डॉक्टरांची गाडी हाय साहेब, सिंगल हँड, शोरूम मेंटेन, एवढ्या कमी रनिंगची दुसरी घावणार नाही तुम्हाला." किंमत ११ लाख ४०. बिलं मागितली तर म्हणाला शोरूमला सगळं कॉम्प्युटरवर असतंय, कागद कोण ठेवतंय आता. वरनं एक पुण्याची पार्टी संध्याकाळी टोकन द्यायला येतीय असं पण सांगितलं. जुळे सोलापूरपर्यंत एक चक्कर मारली, पिकअप असा की पाठ सीटला चिकटली, मी तिथल्या तिथं २५ हजार टोकन दिलं आणि चार दिवसात गाडी घरी. आईनं नारळ फोडला.

तीन महिने गाडी बरी पळाली. एप्रिलमध्ये ऊन वाढलं तसं सकाळी ठीक आणि दुपारी ट्रॅफिकमध्ये पहिल्यातनं दुसऱ्यात जाताना झटका, सात रस्त्याला सिग्नल सुटला की मागनं कुणी ढकलल्यासारखं. कार बाजारवाल्याला फोन केला तर "ऑटोमॅटिकला एवढं असतंयच ओ, सवय होईल." मे महिन्यात पुण्याला निघालो, मागं बायको आणि लहान पोरगी, मोहोळच्या पुढं गेलो आणि गिअरचा आकडा लुकलुकायला लागला, गाडी तिसऱ्याच्या वर जाईना, मागनं ट्रक हॉर्न मारतायत, उन्हात ४३ डिग्रीला रस्त्याच्या कडेला दीड तास उभं राहिलो. टोइंगनं परत सोलापूर.

अक्कलकोट रोडला एक मेस्त्री आहेत, असल्या गाड्यांचंच काम करतात. त्यांनी स्कॅनर लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मला जवळ बोलवून विचारलं, "दादा, गाडी किती पळालीय म्हणता?" म्हणलं, ४१ ला घेतली, आता ४६. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. मागच्या पार्किंग सेन्सरच्या मॉड्युलमध्ये, म्हणजे त्या भागाच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, एक जुना एरर पडून होता, आणि असा एरर येतो तेव्हा या गाड्या त्या वेळचं किलोमीटर सोबत लिहून ठेवतात. तिथं आकडा होता १,२६,३१८. मीटर मागं घेणाऱ्यानं समोरचा आकडा बदलला, इंजिन आणि गिअरबॉक्सचे एरर पुसले, पण मागच्या बंपरमधल्या सेन्सरचा एरर पुसायचा राहिला. मी तो आकडा तीन वेळा वाचला, हातपाय गार पडले होते.

मग गिअरबॉक्सचं ऑइल काढलं. ते त्यांनी बोटावर घेऊन पेपरवर पुसलं, काळं कुट्ट, करपलेला वास आणि उन्हात धरलं की चमकणारी बारीक चमकी, ती म्हणजे घासून गेलेलं लोखंड. आमच्या गाडीत जो गिअरबॉक्स आहे त्याचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात, क्लच घासतो त्याची भुकटी त्याच ऑइलमध्ये येते आणि तेच ऑइल गिअर टाकणाऱ्या बारीक व्हॉल्वमधनं फिरतं, म्हणून ६० हजाराला ते बदलावंच लागतं. (सात गिअरचा कोरड्या क्लचचा वेगळा असतो, त्याची कहाणी वेगळी.) नंतर चेसिस नंबर घेऊन शोरूमला चौकशी केली तर शेवटची एंट्री सप्टेंबर २०१९ ची, ५८,७४० किलोमीटरला. म्हणजे सव्वाचार वर्षं आधीच गाडी ५८ हजारावर होती आणि मला ४१ ला विकली, आणि गिअर ऑइल बदलायची वेळ आली तेव्हाच शोरूमला जाणं बंद झालं. पुढं ते कुणीच बदललेलं नव्हतं हे तर ऑइलच सांगत होतं. ही चौकशी टोकन द्यायच्या आधी केली असती तर हे काहीच झालं नसतं.

क्लच पॅक, व्हॉल्वची बॉडी, ऑइल, मजुरी मिळून २ लाख ६५ हजार. टर्बोच्या पाइपमध्ये पण ऑइल आलेलं होतं, ते आणि बाकी किरकोळ धरून साडेतीन लाख.

मेस्त्रींनी नंतर गाडीभोवती फिरवून मला एकेक दाखवलं, ते सगळं पहिल्या दिवशी पण माझ्या डोळ्यासमोरच होतं. चारी टायरवर १५२१ लिहिलेलं, म्हणजे २०२१ च्या पंधराव्या आठवड्यातले टायर, आता ४१ हजार पळालेल्या गाडीला तीन वर्षं आधीच अख्खा दुसरा सेट कशाला लागेल? स्टिअरिंगला नवीन लेदर शिवलेलं. ब्रेकच्या पेडलचं रबर उजव्या कोपऱ्यात गुळगुळीत. ब्रेक डिस्कच्या कडेला नख अडकेल एवढी धार. आरसीची माहिती परिवहनच्या ॲपवर काढली तर मी तिसरा मालक, सिंगल हँड कुठनं आली.

मला कळकळीनं हे सांगायचंय की जोरात पळणाऱ्या गाडीत किलोमीटर हा नंतरचा प्रश्न आहे. टर्बो जिवंत राहतो तो स्वच्छ ऑइलवर. हायवेला एका लयीत पळालेले ९० हजार आणि गावात थंड इंजिनावर दाबलेले, रिमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवून) सिग्नलला रेस लावलेले ४० हजार यात मी आता डोळे झाकून ९० हजारवाली घेईन, पण बिलं असतील तरच. आधी बिलं मागा, बिलांवरचं किलोमीटर तारखेप्रमाणं वाढत जातंय का बघा, मग मीटरकडं बघा. सगळी मॉड्युल स्कॅन करून घ्या, नुसतं इंजिन नाही. आणि पावतीवर, स्टँप पेपरवर किलोमीटर लिहून घ्या, मी घेतलं नाही आणि आता तो म्हणतोय गाडी जशी आहे तशी दिली. माझ्याकडं पुरावा म्हणून एक व्हॉट्सॲप मेसेज राहिलाय, "४१ के जेन्युइन", त्यावरच वकिलांनी नोटीस काढली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दोन वर्षांच्या आत टाकावी लागते, कुणाचं असलं काही अडकलं असेल तर थांबू नका, १९१५ या नंबरवर आधी फोन करून विचारता येतं. अजून एक, १ एप्रिल २०२३ पासनं जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडनं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ते बघायला मागा. आमच्यावाल्याकडं नव्हतं हे वकिलांमुळं कळलं.

तारखा चालू आहेत. मागच्या महिन्यात विजापूर रोडच्या काकांना फोन केला, खरं तर माफी मागायची होती, त्या दिवशी गाडीची घासाघीस पण न करता उठून आलो होतो. ती गाडी बार्शीच्या एका मास्तरांनी घेतली. त्यांनी १,१९,८०० ला दुसऱ्यांदा गिअर ऑइल बदललं आणि बिलाचा फोटो काकांना पाठवला, काकांनी तो मला पुढं पाठवला.