मधुमेह-संशोधकाचं काम मोजताना: एकूण सायटेशन की एच-इंडेक्स?

मधुमेहावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचं प्रोफाइल उघडलं की दोन आकडे आधी नजरेत भरतात: एकूण सायटेशन, म्हणजे इतर अभ्यासांनी त्याच्या पेपरांचा किती वेळा दाखला दिला, आणि एच-इंडेक्स, म्हणजे त्याच्या किती पेपरांना किमान तितकेच दाखले मिळाले. मला विचाराल तर एच-इंडेक्स आधी बघावा.

एकूण सायटेशनचा आकडा एकाच गाजलेल्या पेपरमुळे फुगू शकतो. १९८५ साली मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी ‘डायबेटोलोजिया’ या संशोधन-नियतकालिकात होमा ही इन्सुलिन-प्रतिरोध मोजण्याची पद्धत मांडली. उपाशीपोटीची रक्तातली साखर दर लिटरला मिलिमोलमध्ये घ्यायची, तिला इन्सुलिनच्या दर मिलिलिटरला मायक्रोयुनिटच्या आकड्याने गुणायचं आणि २२.५ ने भागायचं. साखर ५, इन्सुलिन ९, तर उत्तर २. इन्सुलिनला शरीर किती दाद देत नाही, याचा अंदाज एवढ्या हिशेबात येतो. साधन इतकं सोपं, म्हणून हजारो अभ्यासांनी त्याचा दाखला दिला आणि तो मान रास्तच आहे. एच-इंडेक्समध्ये मात्र असा पेपरही एकच धरला जातो.

हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. एच-इंडेक्स ४० म्हणजे किमान ४० पेपर, प्रत्येकाला किमान ४० सायटेशन. यात सातत्य दिसतं. पण तो कधी उतरत नाही, त्यामुळे नव्या संशोधकाला ज्येष्ठांशेजारी उभं करणं अन्यायाचं आहे.

मोठ्या औषध-चाचण्यांच्या पेपरवर नावांची रांग असते आणि दोन्ही आकडे प्रत्येकाला पूर्ण श्रेय देतात. तिथे मी पहिलं आणि शेवटचं नाव कुणाचं, ते बघतो; मुख्य काम आणि नेतृत्व कुणाचं, याचा अंदाज सहसा त्यावरून येतो. सायटेशन मोजणाऱ्या गुगल स्कॉलर आणि स्कोपस या दोन ठिकाणांपैकी गुगल स्कॉलरचा आकडा सहसा मोठा असतो, तेव्हा तुलना एकाच ठिकाणच्या आकड्यांची करा.