बलेनोचं म्हणून घेतलेलं इंजिन

जुनं इंजिन-गिअरबॉक्स विकत घेऊन घरच्या घरी गाडी बांधायचा विचार कुणी करत असेल, तर हे पूर्ण वाचा. माझे १,२०,००० रुपये गेले आणि बाबांच्या गाडीचं मूळ इंजिन गेलं. त्यातलं दुसरं जास्त लागलं.

ऐरोलीला आमचं रो-हाऊस आहे. खाली जी जागा आहे तिला आम्ही गॅरेज म्हणतो, पण एक गाडी लावली की बाजूने तिरकं होऊनच जावं लागतं. त्या जागेत मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मागच्या पावसाळ्याआधी रॅलीची गाडी बांधायला घेतली. गाडी बाबांची, २००३ची एस्टीम. आधी बंद मैदानावरच्या ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर वेळ लावून होणाऱ्या शर्यतीत उतरवायची, हात बसला की पुढचं बघायचं, असं ठरलं होतं. मैदानापर्यंत ट्रकवर टाकूनच न्यायची होती.

तिच्यात बलेनोचं मोठं इंजिन बसवायचं होतं. एस्टीमचं इंजिन १२९८ सीसीचं. जुन्या बलेनोचं, म्हणजे २००७पर्यंत मिळायची ती सेडान, आताची हॅचबॅक नव्हे, तिचं १५९० सीसी. दोन्ही सुझुकीच्या जी मालिकेतली. एस्टीमचं ८५ हॉर्सपॉवर आणि बलेनोचं ९४, कागदावर फरक थोडाच दिसतो. पण बलेनोचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, लांब आहे, त्यामुळे खालच्या आरपीएमला गाडी जी ओढ घेते ती मातीत वळणातून बाहेर पडताना कामाला येते. म्हणून आपल्याकडे ही अदलाबदल वर्षानुवर्षं चालत आली आहे.

शीळफाट्याच्या अलीकडे एका गाळ्यात जुने पार्ट विकणारा एक जण भेटला. चांगला बोलायचा, गाड्यांची माहिती खरंच होती. "ताई, हे नाशिकच्या एका रॅलीवाल्याच्या गाडीतलं आहे. खोललेलं नाही. गिअरबॉक्समध्ये प्लेटवाला डिफरन्शियल बसवलेला आहे, असा पीस तुम्हाला अख्ख्या ठाण्यात मिळणार नाही." प्लेटवाला म्हणजे एकच चाक नुसतं गरगरू न देता दोन्ही चाकांना ताकद देणारा. इंजिन जमिनीवर ठेवून, बॅटरी लावून चालू करून दाखवलं. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं, चारही सिलिंडर १७०च्या पुढे, म्हणजे ठणठणीत. ब्लॉकवरचा नंबर दाखवला, सुरुवात जी १६ बी अशी. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) मिळून १,३५,०००. आमचं जुनं इंजिन दिलं तर १५,००० कमी.

बाबा म्हणाले होते, "आपलं इंजिन देऊ नकोस, मागे पत्र्याखाली ठेवू." जागा नाही म्हणून मी ऐकलं नाही.

४०,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिला. क्यूआर कोडवर नाव भलत्याचंच आलं, तर म्हणाला मेहुण्याचं खातं आहे. मी पुढे विचारलं नाही. चार दिवसांनी रात्री साडेनऊला टेम्पो आला, भर पावसात. ड्रायव्हर सारखा घड्याळ बघत होता, त्याला भिवंडीला जायचं होतं. ताडपत्रीखालून इंजिन उतरवलं, आमचं इंजिन त्याच टेम्पोत चढवलं, उरलेले ८०,००० रोख मोजून दिले. पावती म्हणून वहीचं एक पान मिळालं. त्यावर लिहिलेलं, "इंजिन सामान". ना इंजिन नंबर, ना जीएसटी नंबर, ना ज्या गाडीतून ते काढलं तिचा काही पत्ता.

तो पाऊस आणि ती घाई ठरवून आणलेली होती, असं आज मला वाटतं. दिवसाउजेडी ते इंजिन मी पुसून बघितलं असतं.

जुनं इंजिन बसवण्याआधी टायमिंग बेल्ट बदलायचाच, म्हणून ठाण्यातून बलेनोचा नवा बेल्ट आणला. चढवला तर ढिला. टेन्शनर शेवटपर्यंत ओढला तरी बोटाने दाबला की आत जातो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "बेल्ट डुप्लिकेट असेल ताई, चांगल्या दुकानातून घ्या." दुसऱ्या दुकानातून दुसरा आणला. तोही तितकाच ढिला. दोन दुकानांतले दोन बेल्ट सारखेच चुकीचे कसे असतील?

मी महापे एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, हातात असतो. त्या रात्री पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, वेल्डिंगची एक सरळ सळई त्या भोकातून पिस्टनवर टेकेपर्यंत सोडली आणि मावसभावाला क्रँक पुलीला पाना लावून हळूहळू फिरवायला सांगितलं. सळई वर आली, थांबली, तिथे मार्करने खूण केली. मग खाली गेली, थांबली, दुसरी खूण. सळई टेबलावर ठेवून दोन खुणांमधलं अंतर मोजलं. पंचाहत्तर मिलिमीटर आणि थोडं. बलेनोचा स्ट्रोक ९० असतो, एस्टीमचा ७५.५. सळई जरा तिरकी गेली असती तरी साडेचौदा मिलिमीटरचा फरक पडत नाही. भावाने विचारलं, "किती?" मी व्हर्नियर त्याच्याच हातात दिला.

सोळा व्हॉल्व्हची ही दोन्ही इंजिनं वरून जवळपास सारखी दिसतात. बलेनोचा ब्लॉक उंच असतो, त्यामुळे तिचा बेल्टही लांब. पण शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय उंची डोळ्यांत भरत नाही. मग नंबरची जागा थिनरने पुसली. रंगाखाली ग्राइंडरचे ओरखडे निघाले. मूळ नंबर घासून वर हाताने पंच मारलेले, १ आणि ६ एका रेषेत नाहीत, ६ जरा खाली उतरलेला. कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं तर दोन सिलिंडर १२०च्या आत. मग आठवलं, त्या दिवशी त्याने काढलेले प्लग तेलाने ओले होते. टेस्टच्या आधी सिलिंडरमध्ये जाड तेल ओतलं की रिंगा तात्पुरत्या सील होतात आणि काटा वर जातो. गेज लावताना प्लग ओले दिसले, तर एक दिवस थांबून पुन्हा टेस्ट मागा.

गिअरबॉक्सची परीक्षा तर आणखी सोपी होती. दोन्ही बाजूंचे एक्सल बसवायचे, गिअर टाकायचा आणि एक बाजू हाताने फिरवायची. दुसरी बाजू उलटी फिरली तर साधा डिफरन्शियल. प्लेटवाला असेल तर हाताला जोर लागतो, अशी सहज उलटी बाजू फिरत नाही. आमची अगदी हलकी, उलटी फिरली. त्या १,३५,००० मध्ये प्लेटवाल्या डिफरन्शियलचे म्हणून त्याने ३०,००० धरले होते.

परत गेलो तेव्हा गाळा बंद. आठवड्याने तिथे टायरचं दुकान. फोन लागत नाही.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी सांगितलं, हा व्यवहारातला वाद आहे, ग्राहक आयोगात जा. दुसऱ्या दिवशी घासलेल्या नंबरचे फोटो मोठे प्रिंट करून नेले, तेव्हा साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. नंबर घासलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं आणि ते माझ्या घरात होतं, हे मला तोवर नीट कळलंच नव्हतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार घेतली, पंचनामा करून इंजिन घेऊन गेले. यूपीआयच्या ४०,००० चा माग आहे, रोखीच्या ८०,००० चा एकही कागद नाही. ग्राहक आयोगातही तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत भरावी लागते.

तो विकणारा आणखी एक म्हणाला होता, "आरटीओचं मी बघतो, पाच हजारांत पास." यावर अजिबात विश्वास ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं आहे. त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवलं तरी त्याची नोंद आरसीवर व्हावी लागते आणि ती खऱ्या नंबरानेच होते. स्पर्धेतही वर्ग सीसीवर ठरतात. १६०० म्हणून नाव दिलं आणि तपासणीत १३०० निघालं, तर कुणाला काय सांगणार होते मी?

इंजिन घ्यायला जाल तेव्हा पिशवीत प्लग पाना, एक सळई आणि मोजपट्टी न्या. सळई घालू देत नसेल तर तिथून उठा. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची प्रत आणि मोडीत काढल्याचा कागद मागा, नंबरची जागा थिनरने पुसा, बिलावर तो नंबर लिहून घ्या आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात भरा. रात्रीची डिलिव्हरी नाकारा, गाडीचं काम थांबलं तर थांबू द्या.

एस्टीम अजून स्टँडवर उभी आहे, पुढून रिकामी. आरसीवर जो इंजिन नंबर आहे ते इंजिन कुठेतरी विकायला ठेवलेलं असणार. जी १३ बीबी, चालू स्थितीतलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, डाव्या कोपऱ्यात निळ्या ऑइलपेंटचा वाळलेला थेंब आहे, गेट रंगवताना बाबांच्या ब्रशमधून पडलेला. नवी मुंबई, ठाणे, कल्याणकडे कुणी तुम्हाला असं इंजिन दाखवलं, त्याला दुसऱ्या कुठल्याही गाडीचं म्हटलं, तरी पैसे देऊ नका. नंबरचा फोटो काढा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात दाखवा.