रूझवेल्टची जुनी पुस्तकं : वापरानंतरचा अनुभव, आणि युद्धाआधीच संपणारे खंड

गेल्या आठवड्यात फ्रँकलिन रूझवेल्टच्या (दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष) चरित्राचा, फ्रँक फ्रायडेलने लिहिलेला चार खंडांचा संच आला, ऑनलाइन मागवलेला. खोका उघडला तर पहिला, दुसरा, तिसरा आणि पुन्हा दुसरा. चौथ्याचा पत्ता नाही. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर काय, तर ‘चार पुस्तकं लिहिलं होतं, चार पाठवलीत.’ मग फोटो पाठवा, ऑर्डर नंबर पाठवा, कण्यावरचा आकडा स्पष्ट दिसेल असा परत फोटो पाठवा. मध्येच वीस टक्के परत देतो म्हणून मांडवली करायचा प्रयत्न झाला. मी म्हटलं, चारातला एक नाही म्हणजे पंचवीस टक्के होतात, चौथीचं गणित आहे. शेवटी पंचवीस आले. जास्तीचा दुसरा खंड ‘तुमच्याकडेच राहू द्या’ म्हणाले, कारण परत मागवायचं टपाल त्यांना परवडत नव्हतं. त्यामुळे माझ्या कपाटात आता रूझवेल्टला १९२१ साली दोनदा पोलिओ होतो.

विक्रेत्याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग फ्रायडेलचा आहे. ज्या चौथ्या खंडासाठी एवढी हुज्जत घातली तो १९३३ मध्येच संपतो! तिसरा खंड १९५६ चा, चौथा १९७३ चा. मध्ये सतरा वर्षं गेली आणि एवढ्या वर्षांत गाडी १९३२ च्या निवडणुकीपासून सत्तेवरच्या पहिल्या शंभर दिवसांपर्यंत सरकली. पुढे १९९० मध्ये त्याने सगळं आयुष्य एकाच खंडात आटोपलं, तेव्हा कुठे त्याच्या हातून पर्ल हार्बर, म्हणजे अमेरिकेला युद्धात ओढणारा जपानी हल्ला, लिहून झालं.

इथे येणाऱ्यांना मंदीवरचा न्यू डील कार्यक्रम काय, चर्चिल-स्टालिनबरोबरची याल्टा परिषद काय, हे सांगायची गरज नाही. मला हवा आहे तो युद्धातला रूझवेल्ट, डिसेंबर १९४१ ते एप्रिल १९४५. आणि या छंदातला सगळ्यात मोठा दोष हाच, की जाडजूड संच घ्यावेत आणि ते युद्धाच्या दारात नेऊन सोडतात. आर्थर श्लेसिंजरचे तीन खंड घ्या. ‘एज ऑफ रूझवेल्ट’ असं भारदस्त नाव, १९५७ ते १९६० मध्ये धडाधड आले, गद्य इतकं झकास की रात्री दिवा मालवायचं भान राहत नाही. आणि १९३६ ची निवडणूक जिंकून दिली की खेळ खलास. १९६१ मध्ये लेखक केनेडीबरोबर व्हाइट हाऊसमध्ये गेला, नंतर २००७ पर्यंत जगला, बाकी भरपूर लिहिलं, चौथा खंड काही आला नाही. हॅरॉल्ड इकीस हा गृहखात्याचा मंत्री (आपल्याकडच्यासारखं पोलिसांचं खातं नव्हे, जमिनी, धरणं, राष्ट्रीय उद्यानं). त्याच्या गुप्त रोजनिशीचे तीन खंड छापले गेले. माणूस १९४६ पर्यंत मंत्रिमंडळात होता, छापील रोजनिशी १९४१ ला थांबते. लँगर आणि ग्लीसनचे दोन ठोकळे पर्ल हार्बरपर्यंतच, पण त्यांनी तसं आधीच सांगितलंय, त्यामुळे त्यांना माफ. केनेथ डेव्हिस मात्र खरंच युद्धात शिरला. पाचवा खंड १९४० ते १९४३ चा. तो २०००मध्ये बाहेर आला तेव्हा लेखक वारलेला होता. म्हणजे पाच खंड घेऊनही १९४४ च्या चढाईतला नॉर्मंडीचा किनारा दिसत नाही.

मी आणि माझं कपाट यांच्या वतीने सांगतो, हा अन्याय आहे. एका फळीवर साधारण दीड हात लांबीचा रूझवेल्ट उभा आहे आणि त्यातला बराचसा अजून शांततेच्या काळातच आहे.

यातून वाचवलं ते जेम्स मॅकग्रेगर बर्न्सने. दोनच खंड. पहिला १९५६ चा, दुसरा १९७० चा, आणि दुसरा १९४० पासून थेट रूझवेल्टच्या वॉर्म स्प्रिंग्ज गावातल्या मृत्यूपर्यंत. त्याला पुलित्झर मिळालं ते रास्तच, पण माझ्या लेखी मोठी गोष्ट ही की माणसाने हाती घेतलेलं काम तडीस नेलं. नव्यांमध्ये नायजेल हॅमिल्टनचे तीन खंड फक्त युद्धावरच आहेत, पण ते अजून म्हणावे तितके जुन्या बाजारात उतरलेले नाहीत. निदान मला परवडतील त्या भावाला नाहीत.

आता खरेदीबद्दल. मी न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी पकिप्सीला राहतो. हाइड पार्क, म्हणजे रूझवेल्टचं घर आणि त्याच्या कागदपत्रांची लायब्ररी, इथून गाडीने पंधरा मिनिटांवर. स्वतः सत्तेवर असताना १९४१ मध्येच त्याने ती लायब्ररी उघडून घेतली, राष्ट्राध्यक्षाची अशी ही पहिलीच. त्यामुळे या भागातल्या घराघरांत एकेकाळी रूझवेल्ट असणार, आणि ती पिढी गेल्यावर मुलं खोकी भरून गावच्या लायब्ररीला देऊन टाकतात. लायब्ररीच्या सेलला पक्क्या बांधणीचं पुस्तक दोन डॉलरला, आणि शेवटच्या दिवशी पाच डॉलरला पिशवीभर. पिशवी तेच देतात, कागदी. शेरवुडचं ‘रूझवेल्ट अँड हॉपकिन्स’ (हॅरी हॉपकिन्स हा रूझवेल्टचा अगदी जवळचा सल्लागार) जवळजवळ हजार पानांचं आहे, ते पिशवीत तळाशी आडवं ठेवायचं, कोपऱ्यावर उभं ठेवलं की पिशवी फाटते. ऑनलाइन मी फक्त संचातला तुटलेला खंड शोधायला जातो, आणि आता तेही छायाचित्र त्याच प्रतीचं आहे का हे विचारल्याशिवाय नाही.

सुरुवातीला एक नियम केला होता: लायब्ररीतून काढून टाकलेली प्रत घ्यायची नाही. आत रबरी शिक्का, मागे कार्डाचा खिसा, कण्यावर पांढऱ्या शाईत नंबर, पहिल्या पानावर ‘रद्द’ असा ठसा. घरात ठेवायला उष्टं वाटायचं. शिवाय एका प्रतीत पुठ्ठ्याच्या आतल्या पानावर पॅसिफिकचा छान दुरंगी नकाशा, आणि कुण्या महाभागाने खिसा नेमका मिडवेवर चिकटवलेला. ज्या राष्ट्राध्यक्षाने २३ फेब्रुवारी १९४२ च्या रेडिओ भाषणाआधी लोकांना समोर नकाशा उघडून बसा म्हणून सांगितलं होतं, त्याच्या काळावरच्या पुस्तकातला नकाशा असा झाकायचा! ओल्या कापसाने हळूहळू खिसा सोडवायचा प्रयत्न केला, तर खिशाबरोबर हवाई बेटंही निघून आली.

पण दोन हिवाळे काढल्यावर मत बदललं. खासगी घरातून आलेल्या प्रती तळघरात पडलेल्या असतात आणि तळघराचा कुबट वास काही केल्या जात नाही. सोडा, कोळसा, ऊन, सगळं करून झालं. लायब्ररीच्या प्रती मात्र कोरड्या, जॅकेटला, म्हणजे सुट्या कागदी वेष्टनाला, पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, आणि शिवण पक्की, कारण पुष्कळदा पुन्हा बांधून घेतलेल्या असतात. वर मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के. माझ्याकडच्या कॉर्डेल हल या रूझवेल्टच्या परराष्ट्रमंत्र्याच्या आठवणींच्या दुसऱ्या खंडावर पहिल्या वर्षी शिक्क्यांची रांग लागलीय, मग एकदम १९६० नंतरचा एक, आणि संपलं. हल वाचायला जड आहे, हे चिठ्ठी न बघताही सांगता आलं असतं म्हणा. आता नियम असा: वाचायला लायब्ररीची प्रत, मिरवायला खासगी. मिरवायच्या अजून फार नाहीत.

मिरवायचीच असेल तर बुक क्लबच्या (सभासदांना टपालाने स्वस्त आवृत्ती पुरवणाऱ्या) प्रतीपासून सावध. जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसेल आणि मागच्या पुठ्ठ्यावर खाली, कण्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, बिनशाईचा छोटा ठिपका किंवा चौकोन दाबलेला असेल, तर ती क्लबची. बोट फिरवून बघायचं, डोळ्यांना चटकन दिसत नाही. विक्रेते ‘पहिली आवृत्ती’ म्हणून बिनदिक्कत खपवतात. हार्पर या प्रकाशकाच्या पुस्तकांत त्या काळी हक्कांच्या पानावर दोन इंग्रजी अक्षरं असत, पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. १९४८ साठी ‘एक्स’. शेरवुडचं पुस्तक हार्परचंच, १९४८ चं, त्यामुळे दुसरं अक्षर एक्स नसेल तर ती प्रत नंतरच्या छपाईची, मग विक्रेता काहीही म्हणो. हे कळल्यापासून सेलमध्ये मी आधी ते पान उघडतो. शेजारचे म्हातारे गृहस्थही तेच उघडतात आणि आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

युद्धकाळात छापलेली पुस्तकं हा वेगळाच प्रकार. कागदावर नियंत्रण होतं, त्यामुळे पानं पातळ, समास अगदी चिंचोळे, आणि सुरुवातीलाच युद्धकाळातल्या काटकसरीच्या नियमांनुसार छापल्याची नोंद. सैनिकांसाठी काढलेल्या छोट्या आडव्या आवृत्त्या तर उंचीपेक्षा रुंद, खिशात मावतील अशा, तारेच्या टाचणीने शिवलेल्या. १९४३ ते १९४७ दरम्यान १,३२२ पुस्तकं आणि सगळ्या मिळून बारा कोटींहून जास्त प्रती. एक मिळाली, कडा बिस्किटासारख्या तुटतात. दोनदा उघडली, आता उघडत नाही. संग्राहकांना आवडतात, मला वाचायला पुस्तक हवं, त्यामुळे पुन्हा घेणार नाही.

टपालाबद्दल अनपेक्षित आनंदाची गोष्ट. इथे पुस्तकांसाठी ‘मीडिया मेल’ नावाचा स्वस्त दर आहे. खोका रमतगमत येतो, कोपरे चेपून येतो, पण जड खंडांना दुसरा काही परवडतच नाही. या दराला मी बरेच महिने शिव्या घातल्या. मग कळलं की त्याचं मूळ १९३८ मध्ये आहे: पुस्तकांना पौंडाला दीड सेंट असा सवलतीचा टपालदर ज्याने जाहीरनामा काढून लागू केला तो साक्षात रूझवेल्टच. त्यानंतर चेपलेल्या कोपऱ्यांची तक्रार करताना जीभ जरा अडखळते.

मराठी माणसाने हे सगळं का जमवावं, असं आईने फोनवर विचारलं होतं. तिला सांगितलं ते इथेही सांगतो. कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी मागची सूची उघडून ‘इंडिया’ शोधतो. नसेल तर पुस्तक परत फळीवर. शेरवुडमध्ये आहे, आणि झकास आहे. १० मार्च १९४२ ला रूझवेल्टने चर्चिलला सुचवलं की अमेरिकेत १७८३ ते १७८९ दरम्यान जशी कामचलाऊ व्यवस्था होती तसं काहीतरी हिंदुस्थानात करून बघा, आणि वर लिहिलं की हा माझा विषय नाही. शेरवुडचा शेरा असा की त्या तारेतलं एवढं एकच वाक्य चर्चिलला पटलं असावं. एप्रिलमध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या क्रिप्सची बोलणी फिसकटली तेव्हा रूझवेल्टचा माणूस लुई जॉन्सन दिल्लीत होता आणि हॉपकिन्स इंग्लंडमध्ये चर्चिलकडेच. क्रिप्सला थांबवून ठेवा ही रूझवेल्टची तार पोचली तेव्हा त्या घरात काय झालं असेल ते पुस्तकातच वाचा.

आणि मग विल्यम फिलिप्स. रूझवेल्टचा पुढचा प्रतिनिधी, जानेवारी १९४३ मध्ये दिल्लीत आला. पुढच्याच महिन्यात गांधीजींनी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. फिलिप्सला त्यांना भेटायचं होतं. व्हाइसरॉय लिनलिथगोने परवानगी दिली नाही. एप्रिलच्या शेवटी तो न भेटताच परत गेला, आणि त्याने रूझवेल्टला लिहिलेलं पत्र १९४४ मध्ये ड्रू पिअर्सनच्या वृत्तपत्रीय सदरातून फुटलं तेव्हा लंडनमध्ये बोंबाबोंब झाली. माझं कॉलेज येरवड्याच्या पुलापलीकडे होतं, आगाखान पॅलेसवरून बस जायची. कस्तुरबांची समाधी माहीत होती, महादेवभाईंची माहीत होती. व्हाइट हाऊसचा माणूस त्या फाटकाच्या आत यायला धडपडत होता हे पकिप्सीत, दोन डॉलरच्या पुस्तकात कळलं. फ्रायडेल, श्लेसिंजर, दोघांच्याही संचांत हे येण्याचा प्रश्नच नाही, कारण त्यांचं घड्याळ १९३३ आणि १९३६ ला बंद पडलेलं.

सध्या शोधात आहे सॅम्युअल रोझनमन या रूझवेल्टच्या सल्लागाराने संपादित केलेल्या त्याच्या भाषणांच्या आणि कागदपत्रांच्या तेरा खंडांपैकी शेवटचे चार. पहिले पाच रँडम हाऊसने १९३८ मध्ये काढले, मधले चार मॅकमिलनने १९४१ मध्ये, शेवटचे चार हार्परने १९५० मध्ये. पहिले पाच मला एका सेलमध्ये एकगठ्ठा मिळाले, मधले चारही मिळाले, दोन-तीन हप्त्यांत. शेवटचे चार, म्हणजे नेमके १९४१ ते १९४५ चे, अजून हाती लागत नाहीत. कुणी विकायला काढले तर किंमत ऐकून फोन ठेवावासा वाटतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने बर्न्सचा दुसरा खंड आणि शेरवुड एवढीच दोन घ्यावीत. बर्न्स चांगल्या जॅकेटसकट दहा डॉलरच्या आत दिसला तर लगेच उचला. पंधरा-वीस मागत असतील तर थोडं थांबा, वसंतात लायब्रऱ्यांचे सेल सुरू होतात. खंडांचा संच घेताना मात्र कण्यावरच्या शेवटच्या खंडाचं साल आधी वाचा, मग पाकिटाला हात घाला.